शेकडा त्रुटी (रासायनिक मापन)

प्रयोगातून मिळालेले मूल्य त्या राशीच्या स्वीकृत मूल्यापासून किती दूर आहे, हे स्वीकृत मूल्याच्या शंभर भागांच्या मानाने सांगणाऱ्या संख्येला शेकडा त्रुटी किंवा टक्केवारी त्रुटी असे म्हणतात. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत अनुमापन, वजनी विश्लेषण, घनता, उत्कलनबिंदू अशा मापनांची अचूकता तपासण्यासाठी ती काढली जाते. त्रुटी या शब्दाचा येथील अर्थ प्रयोग करणाऱ्याची चूक असा नाही. मापित मूल्य आणि स्वीकृत मूल्य यांतील अंतर एवढाच त्याचा अर्थ आहे. हे अंतर उपकरणामुळे, रसायनामुळे, पद्धतीमुळे किंवा हाताळणीमुळे पडू शकते. क्वचित ते स्वीकृत मूल्यच त्या परिस्थितीला लागू नसल्यामुळेही पडते.

व्याख्या व सूत्र

मापित मूल्यातून स्वीकृत मूल्य वजा केले असता निरपेक्ष त्रुटी मिळते. तिला स्वीकृत मूल्याने भागले की सापेक्ष त्रुटी मिळते आणि सापेक्ष त्रुटीला १०० ने गुणले की शेकडा त्रुटी येते.

शेकडा त्रुटी = (मापित मूल्य − स्वीकृत मूल्य) ÷ स्वीकृत मूल्य × १००

अनेक पाठ्यपुस्तकांत अंशातील वजाबाकीचे केवळ मूल्य घेतात, त्यामुळे उत्तर नेहमी धन येते. विश्लेषणात्मक रसायनशास्त्रात मात्र चिन्ह राखणे अधिक उपयोगी ठरते. उत्तर सतत धन येत असेल तर काहीतरी जास्त मोजले जात आहे आणि सतत ऋण येत असेल तर काहीतरी निसटत आहे, ही कारण शोधण्याची पहिली खूण असते. चिन्ह पुसून टाकल्यास ती खूणही जाते.

छेदात स्वीकृत मूल्यच असावे लागते. मापित मूल्याने भागणे ही विद्यार्थ्यांच्या वहीत वरचेवर आढळणारी चूक आहे. त्रुटी लहान असताना दोन्ही उत्तरे जवळजवळ सारखी दिसतात, म्हणून ही चूक लक्षात येत नाही.

निरपेक्ष त्रुटी एककासह सांगितली जाते, शेकडा त्रुटीला एकक नसते. ०.१ मि.लि.ची निरपेक्ष त्रुटी २५ मि.लि.च्या अनुमापनात ०.४ टक्का असते, तर २ मि.लि.च्या अनुमापनात तीच ५ टक्के होते. ब्युरेटचे वाचन फार लहान येऊ देऊ नये, असे प्रात्यक्षिकात सांगितले जाते त्याचे कारण हेच आहे.

साधे उदाहरण : मोरचुदातील स्फटिकजल

निळ्या मोरचुदाच्या (कॉपर सल्फेट) प्रत्येक घटकसूत्रामागे पाण्याचे पाच रेणू असतात. अणुवस्तुमानांवरून हिशेब केला असता त्यातील पाण्याचे प्रमाण वजनाने ३६.०८ टक्के येते. एका विद्यार्थ्याने २.५० ग्रॅम मोरचूद मुशीत तापवून पांढरे चूर्ण मिळवले आणि त्याचे वजन १.६३ ग्रॅम भरले असे समजू. घट ०.८७ ग्रॅम, म्हणजे ३४.८ टक्के. निरपेक्ष त्रुटी −१.२८ आणि शेकडा त्रुटी −१.२८ ÷ ३६.०८ × १०० = −३.५ टक्के.

येथे मोजलेली राशी स्वतःच टक्क्यांत असल्यामुळे हमखास गोंधळ होतो. ३६.०८ आणि ३४.८ यांतील १.२८ हा फरक टक्केबिंदूंत आहे, तो शेकडा त्रुटी नव्हे.

ऋण चिन्हावरून पाणी पूर्ण निघालेले नाही किंवा थंड होताना चूर्णाने हवेतील बाष्प परत शोषले, असा तर्क करता येतो. मूस पुन्हा तापवून, डेसिकेटरमध्ये थंड करून, दोन लागोपाठची वजने सारखी येईपर्यंत ही क्रिया करावी लागते. उलट फार तापवल्यास पांढरे चूर्ण काळपट पडू लागते, सल्फरची ऑक्साइडे बाहेर पडतात आणि घट प्रमाणाबाहेर वाढते. अर्धवट सुकणे आणि अंशतः विघटन होणे या दोन्ही गोष्टी एकाच प्रयोगात घडल्या तर त्रुटी शून्याजवळही येऊ शकते. अशी शून्य त्रुटी चांगल्या प्रयोगाचा पुरावा ठरत नाही.

तराजूचाही विचार करावा लागतो. ०.०१ ग्रॅमपर्यंत वाचणाऱ्या तराजूवर दोन वजनांतील फरकात ०.०२ ग्रॅमपर्यंत संदिग्धता राहू शकते. ०.८७ ग्रॅम घटीच्या मानाने ती २.३ टक्के होते. म्हणजे वरील साडेतीन टक्क्यांपैकी बराच भाग केवळ तराजूच्या मर्यादेतून आलेला असू शकतो. पदार्थ अधिक घेतल्यास हा भाग आपोआप कमी होतो.

स्वीकृत मूल्य

सूत्रातील सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत कमी तपासली जाणारी संख्या म्हणजे स्वीकृत मूल्य. ती तीन प्रकारे मिळते. काही मूल्ये व्याख्येनेच निश्चित असतात. उदाहरणार्थ, २०१९ मध्ये अमलात आलेल्या एककांच्या नव्या व्याख्येनुसार अ‍ॅव्होगाड्रो स्थिरांक ६.०२२१४०७६ × १०^२३ प्रति मोल हा नेमका आहे. काही मूल्ये, जसे वरील ३६.०८ टक्के, सूत्र व अणुवस्तुमानांवरून गणिताने येतात. बाकीची पूर्वीच्या काळजीपूर्वक मापनांतून आलेली असतात आणि ती ठराविक तापमान व दाब यांनाच लागू पडतात.

पाण्याचा उत्कलनबिंदू १०० अंश सेल्सिअस हे मूल्य समुद्रसपाटीवरील प्रमाण वातावरणीय दाबाचे आहे. जालना शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचीवर आहे आणि या उंचीवर पाणी सुमारे ९८.३ अंशांना उकळते. तेथील प्रयोगशाळेत तापमापीने ९८.३ दाखवले आणि विद्यार्थ्याने १.७ टक्के त्रुटी लिहिली, तर तापमापीही बरोबर आणि विद्यार्थीही बरोबर असून केवळ संदर्भमूल्य चुकलेले असते. त्या दिवशीच्या दाबाला अनुरूप उत्कलनबिंदू संदर्भ म्हणून घेतला पाहिजे.

स्वीकृत मूल्याशी न जुळणारी संख्या टाकून न देण्याचे इतिहासातील ठळक उदाहरण नायट्रोजनच्या घनतेचे आहे. हवेतून ऑक्सिजन काढून उरलेला नायट्रोजन हा अमोनियासारख्या संयुगांपासून मिळवलेल्या नायट्रोजनपेक्षा सुमारे अर्ध्या टक्क्याने जड भरतो, असे लॉर्ड रॅली यांना आढळले. त्यांच्या मापनांतील परस्परांमधला फरक याहून कितीतरी लहान होता, त्यामुळे हा अर्धा टक्का हाताळणीच्या खात्यावर टाकता येईना. रॅली व विल्यम रॅम्झी यांनी त्याचा पाठपुरावा केला आणि १८९४ मध्ये हवेतील आर्गॉन या नव्या मूलद्रव्याची घोषणा झाली. या संशोधनाच्या मालिकेसाठी दोघांना १९०४ मध्ये अनुक्रमे भौतिकशास्त्राचे व रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

अज्ञात नमुना : विहिरीच्या पाण्याची दुष्फेनता

शाळेतील प्रयोगात उत्तर शिक्षकांना आधीच माहीत असते. प्रत्यक्ष व्यवहारात तसे नसते. जालना जिल्ह्यातील जाफराबाद हे खेळणा व पूर्णा या नद्यांच्या संगमावर वसलेले तालुक्याचे ठिकाण आहे. हा प्रदेश दख्खनच्या बेसाल्ट खडकाचा आहे. झिजलेल्या बेसाल्टमधून आणि मुरुमातील चुनखडीतून पाझरणाऱ्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार उतरतात आणि विहिरींचे, कूपनलिकांचे पाणी दुष्फेन होते. साबणाला फेस न येणे, डाळ लवकर न शिजणे, भांड्याच्या तळाशी पांढरा थर बसणे ही त्याची घरगुती लक्षणे होत. अशा एखाद्या विहिरीच्या पाण्याची दुष्फेनता किती, याचे स्वीकृत मूल्य कोणत्याही पुस्तकात नसते. त्यामुळे त्या नमुन्याची शेकडा त्रुटी थेट काढताच येत नाही. ती काढता येते ती पद्धतीची, ज्ञात द्रावण वापरून.

भारतीय मानक आयएस १०५०० : २०१२ नुसार पिण्याच्या पाण्यातील एकूण दुष्फेनतेची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम (कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात) आहे आणि दुसरा स्रोत नसल्यास ती ६०० पर्यंत चालते. मापन ईडीटीए या संयुगाच्या अनुमापनाने होते. नमुन्यात अमोनिया बफर घालून पीएच १० च्या आसपास आणतात आणि एरिओक्रोम ब्लॅक टी हा दर्शक टाकतात. द्रावणाला तांबडा मद्यासारखा रंग येतो. ईडीटीए थेंबाथेंबाने सोडत गेल्यावर तो जाऊन स्वच्छ निळा रंग उरला की अंतिम बिंदू आला असे समजतात. ०.०१ मोलर ईडीटीएचा १ मि.लि. हा १ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटशी समतुल्य असतो.

पुढील आकडे केवळ रीत समजावण्यासाठी घेतले आहेत. ते कोणत्याही विशिष्ट विहिरीचे नाहीत.

प्रथम १.००० ग्रॅम शुद्ध, कोरडे कॅल्शियम कार्बोनेट विरल हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवून १ लिटर साठा द्रावण करतात. त्यातील ३०० मि.लि. घेऊन ऊर्ध्वपातित पाण्याने पुन्हा १ लिटर केले की लिटरला ३०० मिलिग्रॅम दुष्फेनतेचे तपास द्रावण तयार होते. त्याच्या ५० मि.लि.ला १५.० मि.लि. ईडीटीए लागायला हवे. तीन वेळा अनुमापन केल्यावर १५.६, १५.५ आणि १५.७ अशी वाचने आली. सरासरी १५.६, म्हणजे दुष्फेनता १५.६ × १००० ÷ ५० = ३१२. शेकडा त्रुटी (३१२ − ३००) ÷ ३०० × १०० = +४.० टक्के.

तिन्ही वाचने एकमेकांच्या अगदी जवळ आहेत आणि तरीही तिन्ही सारखीच जास्त आहेत. वाचनांची आपसांतील जवळीक म्हणजे परिशुद्धता आणि स्वीकृत मूल्याशी असलेली जवळीक म्हणजे अचूकता. येथे पहिली आहे, दुसरी नाही. अशी एकाच दिशेने जाणारी त्रुटी पद्धतशीर असते आणि कितीही वेळा प्रयोग केला तरी सरासरीने नाहीशी होत नाही. वाचने दोन्ही बाजूंना विखुरतात तेव्हा मात्र यादृच्छिक त्रुटी असते. तिच्यावर अधिक वाचने घेण्याचा उपाय चालतो.

आता कारण शोधायचे. ५० मि.लि. नुसत्या ऊर्ध्वपातित पाण्यात तेच बफर व तोच दर्शक टाकला. पाणी व बफर शुद्ध असते तर रंग लगेच निळा दिसला असता. तो तांबडा आला आणि निळा होण्यास ०.३ मि.लि. ईडीटीए लागले. दुसऱ्या बाटलीतील ऊर्ध्वपातित पाणी घेतले तेव्हा मात्र रंग सरळ निळा आला. म्हणजे दोष बफरचा नसून पहिल्या बाटलीतील पाण्याचा होता. तपास द्रावण सर्वस्वी त्याच पाण्यात केलेले असल्यामुळे १५.६ मधून ०.३ वजा केले पाहिजेत. उरले १५.३, म्हणजे दुष्फेनता ३०६ आणि त्रुटी +२.० टक्के.

राहिलेले २ टक्के ईडीटीएच्या संहतीकडे बोट दाखवतात. १५ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटला १५.३ मि.लि. लागले, याचा अर्थ १ मि.लि. ईडीटीए १ ऐवजी ०.९८ मिलिग्रॅमशीच समतुल्य आहे. हा ०.९८ गुणक वापरला की त्रुटी शून्य होते. पण हा गुणकच त्या तपास द्रावणावरून काढलेला आहे, तेव्हा त्याच द्रावणावर शून्य त्रुटी येणे अपरिहार्य आहे आणि त्यातून काहीही सिद्ध होत नाही. स्वतंत्रपणे वजन करून केलेल्या दुसऱ्या ज्ञात द्रावणावर, उदाहरणार्थ लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या, त्रुटी काढली तरच पद्धतीवर विश्वास ठेवता येतो. प्रात्यक्षिकाच्या वह्यांत ही पायरी बहुधा गाळलेली असते.

यानंतर विहिरीचा नमुना. पाणी फार दुष्फेन असल्यास २५ मि.लि. नमुन्यात २५ मि.लि. ऊर्ध्वपातित पाणी घालून अनुमापन करणे सोयीचे असते, कारण पीएच १० ला कॅल्शियम कार्बोनेट साक्याच्या रूपाने खाली बसू लागण्याचा धोका असतो. बफर घातल्यावर पाच मिनिटांच्या आत अनुमापन संपवण्याची सूचनाही त्यासाठीच आहे. समजा, पहिल्याच बाटलीतील पाणी वापरले आणि १५.२ मि.लि. ईडीटीए लागले. कोणतीही दुरुस्ती न करता दुष्फेनता १५.२ × १००० ÷ २५ = ६०८ येते, म्हणजे पाणी मर्यादेबाहेर. दुरुस्तीसह पाहिले तर येथे ऊर्ध्वपातित पाणी निम्मेच असल्याने ०.३ नव्हे, ०.१५ मि.लि. वजा करायचे. (१५.२ − ०.१५) × ०.९८ × १००० ÷ २५ = ५९०. पाणी मर्यादेच्या आत.

हा निकालही निःशंक नाही. ब्युरेटच्या सुरुवातीच्या व शेवटच्या वाचनांत मिळून ०.१ मि.लि.ची संदिग्धता धरली तर १५ मि.लि.वर ती सुमारे ०.७ टक्का होते आणि गुणक काढतानाही तेवढीच संदिग्धता आलेली असते. दोन्ही एकत्र धरून ५९० च्या दोन्ही बाजूंना सुमारे ६ मिलिग्रॅम सोडावे लागतात. ५८४ ते ५९६ ही व्याप्ती ६०० च्या खाली आहे, पण फारच थोडी. अशा वेळी अहवालात ५९० हा एकच आकडा देण्यापेक्षा व्याप्ती देणे योग्य ठरते आणि वेगळ्या दिवशी नवा नमुना घेऊन पुन्हा तपासणे अधिक योग्य.

दुष्फेनतेपेक्षा फ्लोराइडच्या बाबतीत हा प्रश्न अधिक गंभीर होतो, कारण त्याचा संबंध दात व हाडांच्या विकारांशी आहे. त्याच मानकात फ्लोराइडची स्वीकार्य मर्यादा लिटरला १.० मिलिग्रॅम आणि पर्यायी स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅम आहे. पद्धतीची त्रुटी दोन्ही बाजूंना १० टक्क्यांपर्यंत जात असेल आणि नमुन्यात १.६ आढळले असेल, तर खरे मूल्य साधारण १.४५ ते १.७८ यांदरम्यान कोठेही असू शकते. एवढ्यावर हातपंप बंद करावा की सुरू ठेवावा हे ठरवता येत नाही. नायट्रेटची ४५ मिलिग्रॅमची मर्यादा तर कोणत्याही परिस्थितीत शिथिल होत नाही.

काचसामान, तापमान आणि हात

५० मि.लि.च्या अ-वर्गीय ब्युरेटची अनुमत त्रुटी ०.०५ मि.लि. असते. नमुना पिपेटऐवजी मोजपात्राने घेतल्यास एवढ्यावरच साधारण एक टक्क्याची अनिश्चितता येऊ शकते आणि नंतर ब्युरेट कितीही काळजीने वाचले तरी ती भरून निघत नाही. ब्युरेटमधील द्रवाचा पृष्ठभाग मध्ये खोलगट असतो. त्याच्या तळाशी डोळा समपातळीत ठेवून वाचावे लागते. पोटॅशियम परमँगनेटसारख्या गडद द्रावणात तळ दिसत नाही, म्हणून तेथे वरची कड वाचतात. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या बारावीच्या प्रात्यक्षिकात परमँगनेटचे अनुमापन करणाऱ्यांनी सुरुवातीचे वाचन वरच्या कडेला आणि शेवटचे तळाला घेतले, तर त्रुटी आपसूक शिरते. ब्युरेटच्या तोटीत अडकलेला हवेचा बुडबुडा अनुमापन चालू असताना निसटला तर वाचन खऱ्यापेक्षा जास्त येते.

मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा ४० अंशांवर जातो. २७ अंशांना केलेले जलीय द्रावण ४० अंशांना वापरले तर त्याचे आकारमान सुमारे ०.४ टक्का वाढलेले असते आणि संहती तेवढीच घटलेली असते. चार-पाच टक्क्यांच्या त्रुटीत हे नगण्य आहे. अर्ध्या टक्क्याच्या अचूकतेचा दावा करणाऱ्या प्रयोगात नाही.

किती टक्के त्रुटी चालते, याचे सर्वमान्य उत्तर नाही. काळजीपूर्वक केलेल्या अनुमापनात एक टक्क्याच्या आत राहणे शक्य असते. उष्णतामापीतील अभिक्रियाउष्णतेसारख्या प्रयोगात साध्या साधनांनी दहा टक्केही वाईट नव्हेत, कारण उष्णता बाहेर निसटतेच. त्रुटी कमी दिसावी म्हणून वाचने मागाहून जुळवली जातात तेव्हा त्या संख्येचा सगळा उपयोगच संपतो. वरील उदाहरणात पहिले ४ टक्के जसेच्या तसे लिहिले गेले नसते, तर पाण्याच्या बाटलीपर्यंत कोणी पोहोचलेच नसते.

शेकडा त्रुटी लागू न पडणाऱ्या राशी

ज्या मोजपट्टीचे शून्य केवळ सोयीने ठरवलेले आहे, तिच्यावर शेकडा त्रुटीला फारसा अर्थ उरत नाही. १.७ अंशांचा फरक सेल्सिअस मापनात १०० च्या मानाने १.७ टक्के होतो, तर केल्विन मापनात ३७३.१५ च्या मानाने अवघा ०.४६ टक्का. फरक तोच, टक्के दोन. तापमानाची त्रुटी म्हणून अंशांतच सांगावी.

पीएच हे लॉगरिथमी प्रमाण आहे. ७.० ऐवजी ७.३ वाचले तर संख्येच्या हिशेबाने ती ४.३ टक्के त्रुटी दिसते, पण हायड्रोजन आयनांची संहती प्रत्यक्षात निम्मी मोजली गेलेली असते. स्वीकृत मूल्य शून्य असेल तेव्हा तर भागाकारच करता येत नाही. जिवाणू किंवा शिसे मुळीच नसलेल्या पाण्यात ते किंचित आढळल्यास निरपेक्ष मूल्य देण्यावाचून पर्याय नसतो.

शेकडा फरक

दोन प्रयोगशाळांनी एकाच विहिरीचे पाणी तपासले आणि एकीने ५९०, दुसरीने ६१० असे मूल्य दिले, तर यांपैकी कोणतेही स्वीकृत मूल्य नाही. अशा वेळी दोहोंतील फरकाला त्यांच्या सरासरीने भागून १०० ने गुणतात. २० ÷ ६०० × १०० = ३.३ टक्के हा शेकडा फरक झाला. तो दोन्ही निकाल एकमेकांशी कितपत जुळतात एवढेच सांगतो. दोन्ही प्रयोगशाळा एकाच सदोष प्रमाण द्रावणावर विसंबून असतील तर तो अगदी लहान येऊनही दोन्ही निकाल चुकीचे असू शकतात.